संप पंप संपावर जातो तेव्हा



अमेरिकेत घर घेताना आपण काय काय बघतो? शाळा कशी आहे, ऑफिस किती लांब आहे, देशी ग्रोसरी जवळ आहे का, तुळशीला दक्षिणेचं ऊन मिळेल का... बेसमेंटच्या कोपऱ्यात जमिनीत एक खड्डा आहे, त्यावर प्लॅस्टिकचं झाकण आहे आणि त्यातून एक पांढरा पाइप वर गेलाय, याकडे मात्र कुणी वाकून बघत नाही. इन्स्पेक्टर आपल्या यादीत "संप पंप आहे" असं लिहितो, आपण मान डोलावतो आणि विषय तिथेच संपतो.

खरं म्हणजे ज्याच्या नावातच 'संप' आहे तो ऐन वेळी संपावर जाणार, हे निदान आपल्या मराठी माणसांच्या तरी लक्षात यायला हवं होतं! माझ्या आलं नाही. त्याची ही गोष्ट, आणि तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून थोडी माहिती.

१ सप्टेंबर २०२१ ची रात्र. आयडा वादळाचे अवशेष न्यू जर्सीवरून जात होते. नेवार्कला त्या एका दिवसात ८.४१ इंच पाऊस पडला, आणि नदीपलीकडे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात एका तासात ३.१५ इंच. आमचं घर मिडलसेक्स काउंटीत. माझी आई तेव्हा बेसमेंटमधल्या खोलीत झोपायची. घरून ऑफिस चालू असल्यामुळे वरच्या खोल्या आमच्या कॉम्प्युटरांनी अडवल्या होत्या, आणि "खाली शांत आहे रे" म्हणून ती खोली तिनंच मागून घेतली होती.

साडेदहाच्या सुमारास खालून तिची हाक आली, "अरे, इकडे ये जरा. पायाला गार लागतंय."

आई मूळची चिपळूणची. जेमतेम सहा आठवड्यांपूर्वी, २२ जुलैला, वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं होतं आणि मामाच्या घराची काय दशा झाली ते तिनं फोनवर ऐकलं होतं. त्यामुळे ती सामान गोळा करत बसली नाही. चष्मा आणि औषधांची डबी घेऊन सरळ जिना चढून वर आली. शहाणपणा सुचला नाही तो मला. मी पंप बघायला म्हणून खाली धावलो आणि शेवटच्या पायरीवर बायकोनं मागून शर्ट धरला. "जमिनीवर एक्स्टेंशन कॉर्ड आहे. पाण्यात पाय घालू नकोस!"

आमचं ब्रेकर पॅनल सुदैवानं गॅरेजमध्ये आहे. तिथून बेसमेंटची वीज बंद केली आणि रात्रभर जिन्यात बसून पाणी किती पायऱ्या चढतं ते मोजत राहिलो. सकाळपर्यंत आठ इंच. कार्पेट गेलं, ड्रायवॉलचा खालचा भाग गेला, ते सगळं नंतर पुन्हा झालं. पण खालच्या फळीवर एका खोक्यात वडिलांनी मला इथे पाठवलेली पत्रं होती, निळ्या एअरोग्रामची पुडकी. त्यांचा लगदा झाला. ती काही पुन्हा मिळायची नाहीत. तरीही आम्ही थोडक्यात सुटलो असंच म्हणायला हवं. न्यूयॉर्क शहरात त्या रात्री जी माणसं गेली, त्यांतली बहुतेक बेसमेंटमधल्या खोल्यांत राहणारी होती.

पाणी उतरल्यावर, इलेक्ट्रिशियननं सगळं तपासून वीज पुन्हा जोडल्यावर, मी खड्ड्याचं झाकण काढलं. तीन वर्षांपूर्वी तो पंप मीच बसवला होता आणि उरलेली वायर गुंडाळून तिथेच खड्ड्यात सोडून दिली होती. त्या वेटोळ्यात फ्लोट, म्हणजे पाण्याबरोबर वर येणारा तो गोळा, अडकून बसला होता. बोटानं जरासा सोडवला तर वर आला, आणि पंप लगेच सुरू झाला! मोटर धडधाकट होती. वीज तर रात्री मी बंद करेपर्यंत एक क्षणही गेली नव्हती. एवढं सगळं झालं ते वायरच्या एका वेटोळ्यामुळे.

तेव्हापासून मंडळातल्या बऱ्याच मित्रांच्या खड्ड्यांत मी डोकावलोय, आणि माझं मत पक्कं झालंय. पंप बंद पडला की आपण "मोटर गेली" म्हणून मोकळे होतो, पण पुष्कळदा मोटर गेलेली नसतेच. बिघाड आजूबाजूच्या साध्यासुध्या गोष्टींत असतो. क्रमानं बघितलं तर तो अर्ध्या तासात सापडतो, आणि पावसाआधी बघितलं तर फुकटात सापडतो.

हा पंप करतो तरी काय?

घराच्या पायाभोवती जमिनीखाली भोकं असलेला पाइप टाकलेला असतो. पायाजवळ मुरलेलं पाणी त्या पाइपातून वाहत बेसमेंटमधल्या खड्ड्यात येतं. हा खड्डा बहुधा १८ इंच रुंद आणि दोन फूट किंवा थोडा जास्त खोल असतो. पाणी ठरावीक उंचीवर आलं की फ्लोट वर उचलला जातो, स्विच चालू होतो, पंपाच्या पोटातली छोटी पंख्यासारखी चकती (इम्पेलर) फिरू लागते आणि पाणी दीड इंची पाइपातून वर चढून घराबाहेर पडतं. पाणी उतरलं की फ्लोट खाली येतो आणि पंप बंद होतो.

वर जाणाऱ्या पाइपात एक चेक व्हॉल्व्ह असतो. हा एकाच दिशेला उघडणारा दरवाजा. पंप बंद झाल्यावर पाइपातलं पाणी पुन्हा खड्ड्यात येऊ नये, एवढंच त्याचं काम.

म्हणजे एकूण पाच गोष्टी झाल्या: वीज, फ्लोट, मोटर आणि इम्पेलर, चेक व्हॉल्व्ह, आणि बाहेर जाणारा पाइप. पाहायचं ते याच क्रमानं.

आधी जिवाची काळजी

हे नियम मी आमच्या फ्रिजवर लावून ठेवलेत.

१. बेसमेंटच्या जमिनीवर पाणी असेल तर त्यात पाय घालायचा नाही. पाण्यात एखादी वायर किंवा आउटलेट आहे की नाही हे वरून कळत नाही. कोरड्या जागी उभं राहून ब्रेकर बंद करता येत असेल तरच करा. पॅनलच बेसमेंटमध्ये असेल आणि तिथवर पाण्यातून जावं लागत असेल, तर जाऊ नका. वीज कंपनीला किंवा फायर डिपार्टमेंटला फोन करा.

२. खड्ड्यात हात घालण्यापूर्वी पंपाचा प्लग काढलेला हवा. ब्रेकर बंद केला म्हणून प्लग तसाच ठेवायचा नाही.

३. पंप वायरला धरून कधीही उचलायचा नाही. वायर जिथे पंपात शिरते तिथलं सील त्यानं सैल होतं आणि मग पाणी थेट मोटरमध्ये जातं. पंपाला वर हँडल असतं, ते त्यासाठीच.

४. जोराचा पाऊस असेल त्या रात्री बेसमेंटमध्ये कुणी झोपायचं नाही. पाहुणे असले तरी नाही. वर दिवाणखान्यात गाद्या घाला, आपल्याला लग्नघराची सवय आहेच.

बादली परीक्षा

आता मुद्द्याचं. पाच गॅलनची बादली भरून घ्या आणि खड्ड्यात हळूहळू ओता. (खड्डा अगदी कोरडा असेल तर दोन-तीन बादल्या लागतील.) फ्लोट वर यायला हवा, पंप सुरू व्हायला हवा, पाणी भराभर उतरायला हवं आणि पंप आपोआप बंद व्हायला हवा. त्याच वेळी घरातल्या कुणाला तरी बाहेर उभं करा आणि पाइपाच्या तोंडातून पाणी जोरात येतंय का ते बघायला सांगा. मुलांना हे काम फार आवडतं!

सगळं नीट झालं तर झाकण लावा आणि चहा घ्या. नाही झालं तर पुढे वाचा.

लक्षण पहिलं: पाणी भरलंय, पण पंप गप्प

आधी वीज. हात कोरडे, पाय कोरडे. पंपाचा प्लग काढून त्या आउटलेटमध्ये साधा टेबल लॅम्प लावून बघा. लागला नाही तर ब्रेकर पडलाय, किंवा आउटलेट जीएफसीआय असेल तर त्याचं 'रीसेट' बटण बाहेर आलंय. एकदा रीसेट करून पंप चालला तर ठीक. पण पुन्हा पुन्हा पडत असेल तर दाबत बसू नका. मोटरमध्ये पाणी गेल्याची ती खूण असू शकते.

वीज आहे, तरी पंप गप्प? मग फ्लोट. पुष्कळ पंपांना दोन प्लग एकावर एक लावलेले दिसतात. खालचा, भिंतीकडचा, फ्लोटचा. त्याच्या पाठीत खोचलेला पंपाचा. दोन्ही काढा आणि फक्त पंपाचा प्लग थेट भिंतीत लावा. (खड्ड्यात पाणी हवं. पाण्यात बुडणारे पंप पाण्यानेच थंड राहतात, कोरडे चालवले तर तापतात.) पंप सुरू झाला तर अभिनंदन, मोटर चांगली आहे! गडबड फ्लोटची आहे. सुरू झाला नाही तर मात्र मोटरच गेली. दोन मिनिटांची ही एक परीक्षा तुमचा नव्या पंपाचा खर्च वाचवू शकते.

फ्लोट दोन तऱ्हेचे असतात. एक वायरला बांधलेला, पाण्यावर झोके घेणारा. त्याला हलायला मोकळी जागा लागते; अरुंद खड्ड्यात तो भिंतीला टेकतो, पाइपामागे जातो किंवा माझ्यासारख्याच्या घरी वायरीत अडकतो. दुसरा उभ्या दांडीवर वर-खाली सरकणारा. त्याला जागा कमी लागते, पण दांडीवर चिखल-गाळ साचला की तो अर्ध्यावर थांबतो. प्लग काढून फ्लोट हातानं वर-खाली करून बघा. अडकतो कुठे? गाळ असेल तर पुसून काढा. वायर लोंबत असेल तर ती वर ओढून पाइपाला प्लॅस्टिकच्या पट्टीनं बांधा. फ्लोटमध्ये पाणी शिरून तो जड झाला असेल किंवा आतला स्विचच गेला असेल तर फ्लोट बदला. दोन प्लगांची व्यवस्था असेल तर नुसता फ्लोट स्विच वेगळा मिळतो, अख्खा पंप बदलावा लागत नाही.

लक्षण दुसरं: पंप घरघरतो, पण पाणी जात नाही

इथे चार शक्यता.

एक, इम्पेलर अडकलाय. खडी, प्लॅस्टिकचा तुकडा, बांधकामाच्या वेळी पडलेला सिमेंटचा खडा, मी तर एका घरी खेळण्यातल्या गाडीचं चाक काढलंय. प्लग काढा, पंप बाहेर काढा, खालची जाळी उघडून साफ करा. जुन्या टूथब्रशनं छान निघतं.

दोन, चेक व्हॉल्व्ह उलटा बसवलाय किंवा बंद अवस्थेत अडकलाय. व्हॉल्व्हवर बाण असतो. तो वरच्या दिशेला, म्हणजे पाणी जातं त्या दिशेला हवा. नवीन पंप लावल्यावर "पाणीच जात नाही" अशी तक्रार असेल तर आधी हा बाण बघा.

तीन, बाहेरचा पाइप तुंबलाय. पालापाचोळा, मुंग्या-उंदरांची घरटी, आणि आपल्याकडच्या थंडीत सर्रास होणारं म्हणजे पाइपात गोठलेलं पाणी. फेब्रुवारीत बर्फ वितळायला लागतं, खड्डा भरतो, आणि बाहेर पाइपाचं तोंड मात्र बर्फात गाडलेलं! पाइपाला बाहेरच्या बाजूनं सतत उतार हवा, म्हणजे त्यात पाणी थांबत नाही. हिवाळ्यात त्याला जोडलेली लांब लवचिक नळी काढून ठेवावी.

चार, हवा अडकलीय. पंप बराच काळ कोरडा राहिला किंवा नवा बसवला की पंप आणि चेक व्हॉल्व्ह यांच्यामध्ये हवेचा बुडबुडा कोंडतो. इम्पेलर मग नुसता हवेत फिरत राहतो. यावर उपाय म्हणजे पंप आणि चेक व्हॉल्व्हच्या मधल्या पाइपाला पाडलेलं एक बारीक भोक, १/८ किंवा ३/१६ इंचाचं, खालच्या दिशेनं तिरकं. काही पंपांना ते कारखान्यातूनच पाडलेलं येतं, म्हणून आधी माहितीपुस्तक वाचा. पंप चालू असताना त्यातून पाण्याची बारीक चिळकांडी उडते. ती गळती नव्हे! आमच्या एका मित्रानं ते "गळकं" भोक अगदी मन लावून एपॉक्सीनं बुजवलं होतं. असो.

लक्षण तिसरं: पंप थांबतच नाही, किंवा मिनिटामिनिटाला चालू-बंद होतो

खड्डा रिकामा असूनही पंप चालू असेल तर फ्लोट वरच अडकलाय. लगेच प्लग काढा, नाहीतर मोटर जळेल.

पंप थांबतो आणि लगेच पुन्हा सुरू होतो, असं होत असेल तर चेक व्हॉल्व्हवर संशय घ्या. पंप थांबल्यावर कान देऊन ऐका. पाइपातून खळखळ पाणी परत येतं आणि खड्ड्यातली पातळी चटकन वर चढते का? दीड इंची पाइपाच्या १० फुटांत साधारण एक गॅलन पाणी मावतं. व्हॉल्व्ह खराब असेल तर तेच एक गॅलन पंप दिवसभर वर नेतो आणि खाली आणतो. विजेचं बिल वाढतं आणि पंपाचं आयुष्य कमी होतं. व्हॉल्व्ह स्वस्त असतो आणि दोन क्लॅम्प सैल करून बदलता येतो. (पंप थांबताना एकदाच "धप्प" असा आवाज येणं म्हणजे व्हॉल्व्ह मिटल्याचा आवाज. त्रास होत असेल तर आवाज न करणारा व्हॉल्व्ह मिळतो.)

व्हॉल्व्ह चांगला आहे, तरी पंप सारखा चालतोय? मग खरंच तेवढं पाणी येतंय. ते मोजता येतं. पाऊस चालू असताना प्लग एक मिनिटभर काढा आणि पाणी किती इंच चढलं ते पट्टीनं मोजा. १८ इंची खड्ड्यात एक इंच म्हणजे १.१ गॅलन, २४ इंची खड्ड्यात जवळजवळ २ गॅलन. समजा १८ इंची खड्ड्यात मिनिटाला १० इंच चढलं, तर ११ गॅलन. पंपाच्या खोक्यावर किती फूट उंचीला मिनिटाला किंवा तासाला किती गॅलन ते छापलेलं असतं. बेसमेंटच्या खड्ड्यापासून बाहेरच्या पाइपापर्यंत साधारण ८ ते १० फूट धरा आणि १० फुटांसमोरचा आकडा वाचा. तो तुमच्या मोजलेल्या आकड्याच्या दुप्पट तरी असावा.

आणि एवढं पाणी येतंय कुठून, हेही बघा. १,००० चौरस फूट छपरावर एक इंच पाऊस पडला तर ६२३ गॅलन पाणी होतं. गटर पानांनी तुंबलं असेल किंवा खाली येणारी नळी पायाशीच संपत असेल तर ते सगळं पाणी भिंतीपाशी मुरून शेवटी खड्ड्यातच येणार. पंपाचा पाइपसुद्धा पाणी पायापासून चांगलं लांब सोडत असावा. आमच्या पंपाचं पाणी भिंतीपासून दोन फुटांवर पडायचं. म्हणजे तेच पाणी पुन्हा मुरायचं आणि तोच पंप ते पुन्हा बाहेर टाकायचा! शिवाय हे पाणी शेजाऱ्याच्या अंगणात जाता कामा नये आणि घरच्या सांडपाण्याच्या पाइपात सोडायला बहुतेक गावांत बंदी आहे. टाउनशिपला विचारून घ्या.

मोटर खरंच गेली असेल तर

पंप साधारण ७ ते १० वर्षं चालतो. त्यापेक्षा जुना असेल तर दुरुस्तीच्या भानगडीत न पडता नवा आणावा. काम एका शनिवार-सकाळचं आहे.

१. प्लग काढा. जुन्या पंपाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा: पाइप, व्हॉल्व्ह, फ्लोट कुठे कसे आहेत ते.

२. चेक व्हॉल्व्हचे क्लॅम्प सैल करा. वरच्या पाइपात अडकलेलं पाणी अंगावर येतं, म्हणून बादली धरा आणि चांगला शर्ट घालू नका.

३. हँडलला धरून पंप वर काढा. खड्ड्यातला गाळ, खडी सगळं उपसा.

४. नवा पंप गाळावर ठेवायचा नाही. खाली सपाट फरशी किंवा वीट ठेवा आणि त्यावर पंप सरळ उभा करा. थर्मोकोलसारखं तरंगणारं काही नको.

५. पंपाच्या तोंडाला पाइपाचा आटे असलेला तुकडा टेफ्लॉन टेप गुंडाळून बसवा. पीव्हीसीचे सांधे चिकटवताना आधी प्रायमर, मग सिमेंट, आणि खिडकी उघडी. हवेचं भोक विसरू नका.

६. चेक व्हॉल्व्ह बसवा, बाण वर. फ्लोट चारी बाजूंनी मोकळा आहे ना ते बघा. वायर वर बांधा. (पुन्हा सांगतो, वायर वर बांधा!)

७. बादली परीक्षा. एकदा नाही, तीनदा.

८. पंपावर आणि पाइपावर पक्क्या मार्करनं तारीख लिहा.

खड्ड्याचं झाकण हवाबंद केलेलं असेल तर ते बहुधा रेडॉन वायूसाठी असतं. काम झाल्यावर ते पहिल्यासारखंच बंद करा. आणि घरात रांगतं-चालतं मूल असेल तर उघड्या खड्ड्याजवळून एक क्षणही हलू नका.

पायाला तडे गेलेत, आउटलेट ओलं झालंय, ब्रेकर पुन्हा पुन्हा पडतोय किंवा खड्ड्याला सांडपाण्याचा वास येतोय, अशा वेळी हट्ट नको, माणूस बोलवा. पण बोलवताना "पंप बिघडलाय" एवढंच न सांगता "थेट वीज दिली तर मोटर चालते, फ्लोट अडकतोय" असं सांगा. बिलात फरक पडतो, अनुभव आहे.

वीज गेली तर?

वादळ आणि वीज जाणं ही जोडगोळी आहे. २०११ ची आयरीन, २०१२ ची सँडी ज्यांनी इथे पाहिलीय त्यांना सांगायला नको. पाऊस पडतोय, पंप धडधाकट आहे आणि घरात अंधार!

आपल्याकडे लोडशेडिंगच्या काळात घराघरांत इन्व्हर्टर होते, त्यातलाच हा प्रकार. बॅटरीवर चालणारा दुसरा छोटा पंप मुख्य पंपाच्या शेजारी, जरा वरच्या पातळीला बसवतात. वीज गेली किंवा मुख्य पंप हरला की हा सुरू होतो. माझ्या घरी त्या रात्री हा असता तर पत्रं वाचली असती. बॅटरी डीप सायकल प्रकारची हवी, गाडीची चालत नाही. पाणी घालायची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघत जा, बाबा लोक बघायचे तशी! आणि तीन ते पाच वर्षांनी ती बदला. बॅटरी परीक्षा सोपी आहे: मुख्य पंपाचा प्लग काढा आणि बादली ओता.

गावाच्या नळाचं पाणी असेल तर त्या पाण्याच्या दाबावर चालणारा पंपही मिळतो. त्याला बॅटरी लागत नाही, पण तो नळाचं पाणी बरंच वापरतो आणि बसवायला प्लंबर लागतो. विहिरीचं पाणी असलेल्या घरात त्याचा उपयोग नाही, कारण वीज गेली की विहिरीचा पंपही बंद.

जनरेटर वापरणाऱ्यांसाठी एकच वाक्य: तो बेसमेंटमध्ये किंवा गॅरेजमध्ये, दार उघडं ठेवूनसुद्धा, चालवायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास.

याशिवाय दहा-पंधरा डॉलरची पाण्याची घंटा मिळते. खड्ड्याच्या काठावर ठेवायची; पाणी लागलं की किंचाळते. आमच्या घरी ती घंटा आई होती. सगळ्यांच्या घरी आई बेसमेंटमध्ये झोपलेली नसते, आणि झोपूही नये.

विम्याचा कागद काढा

घराचा विमा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. नेहमीच्या पॉलिसीत संप पंप बंद पडून झालेलं नुकसान बहुधा धरलेलं नसतं. त्यासाठी वेगळी पुरवणी घ्यावी लागते, आणि तिला भरपाईची मर्यादा असते. एजंटला फोन करून नेमकं विचारा, "संप पंप ओव्हरफ्लो कव्हर आहे का, आणि किती डॉलरपर्यंत?" पुराचा विमा ही तिसरीच गोष्ट. सरकारी योजनेतून घेतला तर सहसा तो लागू व्हायला ३० दिवस जातात आणि बेसमेंटमधल्या सामानाला त्यात फारच थोडं संरक्षण असतं. म्हणजे वादळाची बातमी ऐकून फोन करण्यात अर्थ नाही.

वर्षातून चार वेळा

बादली परीक्षेची आठवण कशी राहणार? आम्ही ती सणांना बांधून टाकलीय. गुढीपाडव्याला, म्हणजे बर्फ वितळून वसंतातला पाऊस सुरू होताना. आषाढी एकादशीला, उन्हाळ्यातल्या वादळी पावसासाठी. गणपतीच्या आधी, कारण तेव्हाच चक्रीवादळांचा जोर असतो आणि मखर काढायला बेसमेंटमध्ये जावंच लागतं. आणि दिवाळीच्या साफसफाईत, थंडीपूर्वी, बाहेरची नळी काढून ठेवताना. दहा मिनिटांचं काम आहे.

आणखी एक काम आजच करा. बेसमेंटच्या जमिनीवर ठेवलेली खोकी उचला. जुने अल्बम, मुलांच्या पहिल्या चित्रांच्या वह्या, आजीच्या हातची गोधडी, कॅसेट, पत्रं... जे पुन्हा विकत मिळत नाही ते सगळं वरच्या मजल्यावर न्या. टीव्ही खाली राहिला तरी चालेल.

वडिलांच्या पत्रांपैकी तीन वाचली. ती नेमकी स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये होती, कारण त्यांत मला लिहून पाठवलेली आमटीची कृती होती. आता ती फ्रेम करून वर लावलीत. आईची खोलीही आता वरच आहे. माझं ऑफिस बेसमेंटमध्ये गेलं. पाऊस सुरू झाला की ती जिन्याच्या तोंडाशी येऊन विचारते, "पंप चालतोय ना रे?" आणि मी खात्रीनं "हो" म्हणू शकतो, कारण बादली मीच ओतलेली असते.

तर मंडळी, बादली उचला! काही अडलं तर पुढच्या कार्यक्रमाला बटाटेवड्यांच्या रांगेत भेटूच.